स्तुतीतून बळ मिळत नाही? तुमचा क्रम चुकतोय, तो असा दुरुस्त करा

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आमच्याकडच्या घरोघरच्या प्रार्थना सभांमध्ये मी बरीच वर्षं पेटी वाजवते आणि गीतं घेते, आणि दर काही महिन्यांनी सभा संपल्यावर चहाच्या वेळी कोणीतरी मला बाजूला घेऊन तेच विचारतं. ताई, गाताना खूप बरं वाटतं, डोळ्यांत पाणी येतं, पण घरी जाऊन चप्पल काढली की परत तीच काळजी, तोच राग, तीच रात्रभर झोप न येणं, मग परमेश्वराचा आनंद हेच आपलं बळ असं जे सगळे म्हणतात ते माझ्याच बाबतीत का होत नाही? मग मी विचारते की तू नेमकं करतेस काय, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं. मोबाईलवर गाणी लावली, चार गीतं म्हटली, आमेन केलं, झालं.

म्हणजे सुरुवातच गाण्यापासून. पवित्र शास्त्रात हे क्वचितच असं सुरू होतं.

ज्या वचनावर सगळे बोट ठेवतात ते बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातलं, ८:१०, तिथे परमेश्वराविषयीच्या आनंदाला आपल्या जुन्या मराठी भाषांतरात "आश्रयदुर्ग" म्हटलंय. दुर्ग म्हणजे किल्ला, तो एका दमात उभा राहत नाही, आधी पाया, मग भिंत, मग दरवाजा. आणि ते वचन त्या दिवसाच्या मध्यावर आलंय, सुरुवातीला नाही. त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं ते आपण वाचत नाही, म्हणून गडबड होते. खाली मी तोच क्रम रोज घरी कसा करायचा ते लिहितेय. पूर्ण करायला अर्धा तास पुरतो.

## तयारी (आदल्या रात्री, दहा मिनिटं)

ही पायरी लोक सर्रास सोडतात. सकाळी उठून "आज कुठलं स्तोत्र वाचू" असं म्हणत पानं उलटत बसलं की दहा मिनिटं तिथेच जातात.

एक वही घ्या, साधी शंभर पानी चालेल, फक्त ती हिशोबाची किंवा मुलांची जुनी वही नको, कारण ती पुढे कित्येक वर्षं लागणारे. उद्याचं स्तोत्र आजच ठरवा आणि बायबलमध्ये कागद घालून ठेवा. पहिल्या आठवड्यासाठी मी १३, ४२, ४६, ६३, १००, १०३ आणि १३६ ही सात सांगते, याच क्रमाने. १०० आणि १५० सारखी उल्हासाची स्तोत्रं पहिल्याच दिवशी घेऊ नका, का ते पुढे कळेल.

गीतं दोनच निवडा. ती पाठ असलेली हवीत, "उपासना संगीत" या गीतांच्या पुस्तकातली असोत नाहीतर नवीन असोत, पण पुस्तकात डोकं घालून शब्द शोधावे लागतील अशी नकोत. आणि पट्टी आधीच बघून ठेवा. सकाळी गळा बसलेला असतो, संध्याकाळच्या सभेत जी पट्टी चालते ती सकाळी सहाला चालत नाही, त्यामुळे नेहमीपेक्षा एक-दोन स्वर खाली घ्या. पेटी नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, त्याचा सा धरून बसलं की आवाज इकडेतिकडे जात नाही.

तपासा: वही, पेन, बायबल, दोन गीतं, ठरलेली जागा. मोबाईल तानपुऱ्यापुरता, नेट बंद. यातलं एकही सकाळी शोधावं लागणार असेल तर तयारी झालेली नाही.

## पायरी १: आधी ऐका (सात मिनिटं)

नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आणि एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवलं. लोक उभे राहून ऐकत होते, आणि लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेतले लोक, मध्ये फिरून अर्थ समजावून देत होते. आता त्याच अध्यायाचं १२वं वचन बघा, तिथे लोक आनंद करायला का गेले त्याचं कारण दिलंय: सांगितलेली वचनं त्यांना समजली म्हणून. वाद्यं नव्हती, गाणं झाल्याचा उल्लेखही तिथे नाही. आनंदाचं मूळ समजण्यात होतं.

म्हणून ठरवलेलं स्तोत्र दोनदा वाचा, एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग वहीत एकच ओळ लिहा: या स्तोत्रात देव कसा आहे असं सांगितलंय? "मला काय मिळेल" हे आत्ता लिहायचं नाही. तो मेंढपाळ आहे, तो खडक आहे, तो ऐकतो, तो उशीर करतोय असं वाटतंय, जे दिसेल ते तुमच्या शब्दांत लिहा, पाठ केलेली धार्मिक भाषा नको.

चूक: तीन-चार अध्याय वाचून टाकणं. भरपूर वाचलं म्हणून जास्त बळ मिळतं असं नाही, एका स्तोत्राची एक ओळ डोक्यात राहिली तर ती दुपारी भाजी निवडताना किंवा लोकलमध्ये उभं असताना परत वर येते.

## पायरी २: जे आहे ते सांगा (चार मिनिटं)

ही पायरी आमच्या लोकांना सगळ्यात अवघड जाते कारण लहानपणापासून शिकवलेलं असतं की देवापुढे कुरकुर करायची नाही. पण स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत दावीद चार वेळा "कोठवर" असं विचारतो. मला विसरणार कोठवर, तोंड फिरवणार कोठवर. आणि सहाव्या वचनात तोच माणूस गातोय. हे पहिलं रडणं काढून टाकलं तर ते शेवटचं गाणं अधांतरी लटकतं.

यहूदाचा राजा यहोशाफाट, त्याचंही तसंच, २ इतिहास २०. मवाबी आणि अम्मोनी चालून येतायत हे ऐकल्यावर तो घाबरला असं तिथे सरळ लिहिलंय. मग उपास पुकारला, सगळ्यांना बोलावलं, बायका आणि लहान मुलंसुद्धा आली, आणि त्या सगळ्यांसमोर राजा म्हणाला की आम्हाला काय करावं ते सुचत नाही पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. राजा असून.

तर या चार मिनिटांत तुमची गोष्ट नावानिशी बोला. "प्रभू आमच्या अडचणी दूर कर" असं मोघम नको. "घराचा हप्ता तीन महिने थकलाय आणि मला बँकेच्या फोनची भीती वाटते" असं. मोठ्याने जमत नसेल तर कुजबुजत, पण शब्द तोंडातून बाहेर यायला हवेत.

थांबा, महत्त्वाचं: काही दिवस असे येतील की इथेच चाळीस मिनिटं जातील आणि गाण्यापर्यंत पोचताच येणार नाही. हरकत नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, त्याला शेवटी आनंदाची ओळ जोडलेली नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि प्रार्थना म्हणूनच आहे. ज्यांना महिनोन्महिने काहीच बरं वाटत नाहीये, जेवण झोप गेलंय, जगणं नको वाटतंय, त्यांनी डॉक्टरकडे जायलाच हवं, आणि गोळ्या चालू असतील तर कोणी "स्तुती कर, गोळ्या कशाला" म्हणालं तरी त्या बंद करू नका.

## पायरी ३: उपकारस्मरण (आठ मिनिटं, इथे घाई नको)

आपल्या मराठी बायबलमध्ये आभार मानण्यासाठी जो शब्द वारंवार येतो तो "उपकारस्मरण करा" असा आहे, आणि मला वाटतं सगळी पद्धत त्या एका शब्दात सांगून टाकलीये. स्मरण. आधी आठवायचं. आपण आभार मानतो ते बहुतेक वेळा न आठवताच मानतो, "सर्व आशीर्वादांसाठी धन्यवाद" असं म्हणून मोकळे होतो, त्यात एकही आशीर्वाद डोळ्यांसमोर आलेला नसतो. मग बळ येणार कुठून?

स्तोत्र १०३ कसं आहे बघा. आधी स्वतःच्या जिवाला बजावलंय की त्याचे उपकार विसरू नकोस, आणि लगेच पुढच्या तीन वचनांत यादी दिलीये: पापाची क्षमा, आजार बरे करणं, खड्ड्यातून जीव सोडवणं, दयेचा मुकुट, उत्तम गोष्टींनी तृप्त करणं. स्तोत्र १३६ तर त्याहून पुढे जातं, २६ वचनं आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी "त्याची दया सनातन आहे." सूर्य चंद्र, मिसरातून सुटका, रान, आणि सीहोन आणि ओग या राजांची नावंसुद्धा घातलीयेत. कोणाच्या हातून सोडवलं त्याचं नाव घेतलंय, हे लक्षात घ्या.

आता करायचं काय:

१. वहीच्या एका पानावर तुमचं स्वतःचं १३६ लिहायला घ्या. रोज फक्त दोन ओळी. आठवड्यात चौदा होतात.

२. प्रत्येक ओळीत साल, जागा किंवा वस्तू हवी. माझ्या वहीतली एक ओळ सांगते: "२०२० मध्ये घरात पगार येत नव्हता तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने तीन महिने उधारी लिहून घेतली आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही, कारण त्याची दया सनातन आहे." ही ओळ आजही वाचली की पाठ सरळ होते.

३. लिहिलेलं मोठ्याने वाचा. घरात दोघं-तिघं असतील तर एकाने ओळ वाचायची, बाकीच्यांनी ध्रुवपद म्हणायचं. लहान मुलं यात फार लवकर तयार होतात आणि "शाळेची बस चुकली नाही" अशा ओळी सांगतात, त्या पण लिहा, खोडू नका.

४. जुन्या ओळींपैकी एक रोज परत वाचा.

चूक: वाईट गोष्टीला जबरदस्तीने चांगलं म्हणणं. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८ मध्ये "सर्व स्थितीत" उपकारस्तुती करा असं आहे. स्थिती"त" आहे, स्थिती"बद्दल" नाही. नवऱ्याचा अपघात झाला त्याबद्दल देवाचे आभार मानायची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही. त्या अपघाताच्या दिवसात रक्त द्यायला जो अनोळखी मुलगा आला त्याच्याबद्दल माना.

तपासा: आजच्या दोन ओळी वाचून एखाद्या परक्या माणसाला कळेल का की ही तुमच्याच आयुष्याची गोष्ट आहे? कळत नसेल तर ओळ मोघम झालीये, परत लिहा.

## पायरी ४: आता तोंड उघडा आणि गा (सात मिनिटं)

आत्तापर्यंत एकोणीस मिनिटं झाली आणि आता कुठे गाणं येतंय. यहोशाफाटाकडेही असंच झालं, भीती, उपास, प्रार्थना, मग यहजिएल नावाच्या लेव्याच्या तोंडून वचन आलं, मग सगळ्यांनी लवून नमन केलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तकोवाच्या रानाकडे निघताना गायक सैन्याच्या पुढे ठेवले गेले. ते गात होते तेही तेच, परमेश्वराचे उपकारस्मरण करा, त्याची दया सनातन आहे. त्या गाण्यात मागणं एकही नाही. मागणं आदल्या दिवशीच झालं होतं.

गाण्याआधी एक वाक्य स्वतःला म्हणा. स्तोत्र ४२ मध्ये माणूस स्वतःच्या जिवाशी बोलतो, तू का खिन्न झालास, देवाची आशा धर. हीच ओळ ४२:५ ला आहे, परत ४२:११ ला, आणि परत ४३:५ ला. म्हणजे पहिल्यांदा म्हटल्यावर जीव ऐकत नाही! तीनदा सांगावं लागतं. तुम्हालाही एकदा म्हणून काही वाटलं नाही तर घाबरू नका.

मग पहिलं गीत संथ, बसून. दुसरं थोडं चालीचं, केरव्यात किंवा दादऱ्यात, आणि जमत असेल तर उभं राहून. स्तोत्र ४७ टाळ्या वाजवायला सांगतं, ६३ हात वर करायला, ९५ गुडघे टेकायला, तर शरीर वापरायला लाजू नका, पण जे मनात नाही ते दाखवायलाही नको, एवढंच.

आवाज बाहेर येऊ द्या. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आणि सीला यांना छड्यांनी मारलेलं होतं, आतल्या तुरुंगात पाय खोड्यात अडकवलेले होते, आणि मध्यरात्री ते प्रार्थना करून गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. म्हणजे ऐकू जाईल इतकं मोठ्याने गात होते. पाठ फाटलेली, वाद्य काही नाही, सूर कसा लागला असेल कोणास ठाऊक. मी पेटी वाजवणारी बाई आहे, मला सुराचं फार आहे, तरी सांगते, घरच्या भक्तीत सुराची काळजी शेवटी करा. (चाळीत किंवा फ्लॅटमध्ये पहाटे पाचला मात्र शेजाऱ्यांचा विचार करा, दार-खिडकी लावून घ्या.)

चूक: गाणं लावून ठेवणं आणि आपण नुसतं ऐकणं. ऐकणं छान आहे, पण ती ही पायरी नाही. इब्री १३:१५ मध्ये स्तुतीला ओठांचं फळ म्हटलंय, आणि तेही यज्ञ म्हणून. ओठ तुमचे हवेत.

## पायरी ५: ताट वाढा (तीन मिनिटं, आणि मग दिवसभर)

नहेम्या ८:१० चा पहिला अर्धा भाग कोणीच फ्रेम करून भिंतीवर लावत नाही. तिथे लिहिलंय जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही तयार नाही त्यांना वाटा पाठवा. मग पुढे आनंदाचं वचन येतं. इब्री लोकांच्या पत्रातही १५व्या वचनात ओठांचं फळ आणि लगेच १६व्यात परोपकार आणि वाटून घेणं विसरू नका. दोन्हीकडे जोडी सुटत नाही.

म्हणून वही मिटायच्या आधी एक नाव लिहा. आज कोणाला डबा, फोन, औषध आणून देणं, अभ्यासाच्या नोट्सची झेरॉक्स, काय पाठवायचं? एकच, पण आजच. आमोस ५ मध्ये देव स्पष्ट म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या. कामवालीचा पगार आठ दिवस अडवून ठेवला असेल तर त्या दिवशी स्तुतीची पाचवी पायरी तीच आहे, तो पगार.

तपासा: रात्री वही उघडून नावापुढे टिक करा. सलग चार दिवस टिक नसेल तर गीतं वाढवू नका, आधी ही पायरी धरा.

## सभेत घेताना

घरी जमलं की मग मंडळीत किंवा कॉटेज मीटिंगमध्ये (घरातल्या प्रार्थना सभेत) गीतं घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण तिथल्या चुका वेगळ्या असतात.

एक म्हणजे तयारीशिवाय उत्साह. २ शमुवेल ६ मध्ये पहिल्यांदा देवाच्या कराराचा कोश (पवित्र पेटी) आणताना वाद्यं सगळी होती, वीणा, डफ, झांजा, लोक जोरात होते, पण कोश नव्या गाडीवर ठेवला होता, पलिष्ट्यांनी ठेवला होता तसा. कोशाला हात लावणारा उज्जा मेला. तीन महिने कोश ओबेद-अदोमच्या घरी राहिला, आणि दुसऱ्यांदा लेव्यांनी दांड्यांनी खांद्यावर घेतला, कारण १ इतिहास १५ मध्ये दावीद सांगतो की पहिल्यांदा आपण रीतीप्रमाणे केलं नाही. संगीत पहिल्यांदाही कमी नव्हतं. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला ड्रमचा आवाज जुळवतात आणि वचन कुठलं आहे हे गीतं घेणाऱ्याला माहीतच नसतं. पाळक साहेबांना शनिवारी फोन करून वचन विचारा, आणि त्यावरून गीतं काढा. एवढा एक फोन.

दुसरी चूक माझ्याच हातून झालीये म्हणून कळकळीने सांगते. एका घरी मयतानंतर तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेत मी सुरुवातीलाच चालीचं, टाळ्यांचं गीत घेतलं, मला वाटलं वातावरण हलकं होईल. त्या घरची आई उठून आत गेली ती सभा संपेपर्यंत बाहेर आली नाही. नंतर नीतिसूत्रे २५:२० वाचलं, दुःखी माणसासमोर गाणी म्हणणं म्हणजे थंडीत कोणाच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं. आता मी शोक असलेल्या घरी विचारल्याशिवाय पहिलं गीत घेत नाही, आणि बहुतेक वेळा आधी नुसतं स्तोत्र वाचते आणि गप्प बसते. रोमकरांस १२:१५ मध्ये रडणाऱ्यांबरोबर रडा असं आहे, त्यांना गायला लावा असं नाही.

## ज्या दिवशी काहीच होत नाही

ताप आहे, रात्रपाळी करून आलात, बाळ रात्रभर रडलंय. अशा दिवशी पाचही पायऱ्या ओढत बसू नका. स्तोत्र १३४ वाचा, तीनच वचनं आहेत, आणि तेही रात्री मंदिरात उभ्या असणाऱ्यांसाठीच आहे. मग वहीतली एक जुनी ओळ.

आणि तेही जमत नसेल तर १ शमुवेल ३० मधली दोनशे माणसं आठवा. दावीदाचं गाव सिकलाग जळालं, बायका-मुलं धरून नेली, लोक रडायचं त्राण संपेपर्यंत रडले, मग दावीद परमेश्वराच्या ठायी खंबीर झाला आणि सहाशे जणांना घेऊन निघाला. त्यातले दोनशे बसोर ओढ्यापाशीच थकून थांबले. परत आल्यावर दावीदाने त्यांनाही सारखाच वाटा दिला. त्यामुळे त्या दिवशी मंडळीतल्या एका बहिणीला फोन करा, सांगा की आज माझं १३६ तुम्ही म्हणा, फोन स्पीकरवर टाकून उशाशी ठेवा आणि डोळे मिटून पडून राहा, त्या तिकडे ओळी वाचतील, तुम्ही फक्त ध्रुवपदाला ओठ हलवा.